आयलवर्डचे दात

लेव्हाला मी चाळीस वर्षं ओळखत होतो, असं गावात सगळे धरून चालतात. मला स्वतःला तशी खात्री नाही. तिच्या डोळ्यांचा रंग विचारलात तर सांगता येणार नाही, कारण ती समोर आली की मी जमिनीकडे बघत असे, आणि तीही बहुधा जमिनीकडेच बघत असे. त्यामुळे तिचे पाय मला चांगले आठवतात. तिला मनातून काय वाटायचं, ती देवाकडे काय मागायची, यातलं मला काही ठाऊक नाही. मी हेसलफील्डच्या चर्चमध्ये घंटा वाजवणारा, मेणबत्त्या सांभाळणारा आणि पवित्र पाण्याची बादली घेऊन पुढं चालणारा माणूस. पाद्रीबाबांनी अक्षरं शिकवली ती मेलेल्यांची नावं लिहिण्यापुरती. एखाद्याबद्दल नावापेक्षा जास्त लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण सेंट मायकेलच्या सणानंतरचे ते चार दिवस मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि ते पाहिलेली माणसं आता एकेक करून माझ्याच वहीत येऊ लागली आहेत.

लेव्हाचा बाप आयलवर्ड खंदक खणायचा. आमच्या सफोकमध्ये कुठंही खणा, चिकणमाती. हिवाळ्यात पायातला जोडा ओढून घेणारी, उन्हाळ्यात विटेसारखी. त्या मातीत घराभोवती चौकोनी खंदक खणायचा, निघालेली माती मधल्या जागेवर पसरून घर उंचावर घ्यायचं, आणि ओढ्याचं पाणी आत सोडायचं. आधी हे फक्त सरदारानं केलं. मग पाद्रीबाबांच्या घराभोवती पाणी आलं. मग शेजारच्या गावातल्या एका लोकरवाल्यानं खंदक खणून घेतला, आणि त्या दिवसापासून माझ्या थोरल्या भावाला, हर्वीला, अन्न गोड लागेना.

"चोरानं न्यावं असं आपल्या घरात आहे काय?" त्याची बायको साबिना विचारायची. "दोन डुकरं, एक पितळी भांडं आणि तुझी आई. डुकरं आणि भांडं मी उशाशी घेऊन झोपेन."

"चोराचं सोड गं. पाण्याच्या आत राहणाऱ्याला लोक वेगळ्या आवाजात हाक मारतात."

"मी मारते तीच पुरे नाही का?"

हर्वीनं आयलवर्डच्या टोळीला बोलावलं. आयलवर्डची एक रीत होती. दर हातभर खोलीला चिमूटभर माती तोंडात टाकायची आणि पुढच्या दातांत धरायची. लोण्यासारखी सरकली तर ती पाणी धरणार. कचकचली तर आत वाळू, आणि वाळू म्हणजे पाण्याला उघडं दार. म्हातारपणी त्याचे पुढचे दात पडले. तेव्हापासून तो लेव्हाला माती चाखायला लावू लागला. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल. टोळीतल्या माणसांनी तिचं नावच पाडलं, 'आयलवर्डचे दात'. "दात कुठं गेले?" "दात जेवायला गेले," असं त्यांचं चालायचं.

हर्वीच्या खंदकाच्या दोन बाजू खणून झाल्या आणि आयलवर्ड गार पाण्यात उभा राहून राहून छातीच्या तापानं गेला. त्याला पुरून आल्यावर हर्वीच्या अंगणात सगळे जमले. टोळीत सहा माणसं. त्यातला वॉरिन सगळ्यांत दांडगा. त्यानं भिंतीला टेकवलेलं आयलवर्डचं फावडं उचललं. लाकडी पात्याला लोखंडाची कड लावलेलं ते फावडं, दांड्यावर अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला.

"आता हे माझ्याकडे," वॉरिन म्हणाला. "पोरीनं काकाकडे जावं. लोकर कातायला हात लागतातच."

लेव्हा तेव्हा बावीस वर्षांची. ती म्हणाली, "गेली सात वर्षं माती कुणी चाखली?"

"चाखली तू. खणली आम्ही."

"मग खणा की. मी नको म्हणतेय का?"

माणसं हसली, वॉरिन सोडून. हर्वीला भांडण नको होतं, त्याला पाणी हवं होतं. त्यानं वॉरिनच्या हातातून फावडं घेतलं आणि कोठाराच्या खुंटीला अडकवलं. "खंदक पुरा होईपर्यंत हे इथं राहील. लेव्हा सांगेल तसं खणा. पाणी टिकलं तर फावडं तिचं आणि टोळीही तिची. नाही टिकलं तर दोन्ही वॉरिनची. कबूल?"

सहाही जण कबूल म्हणाले. लेव्हानं खुंटीकडे एकदा पाहिलं आणि खंदकात उतरली. काकाच्या घरी तिचं काय होईल ते तिला पुरतं ठाऊक होतं. त्या घरात कातायला बसलेली बाई उठली की थेट माझ्या वहीतच येत असे.

उन्हाळाभर काम चाललं. कापणीच्या सुमारास ते वायव्येच्या कोपऱ्याशी आले. लेव्हानं माती तोंडात टाकली आणि थांबली. पुन्हा एक चिमूट घेतली. मग हर्वीला बोलावून आणलं.

"मालक, हा कोपरा चार हात अलीकडून गोल वळवू. पलीकडे वाळू आहे."

"गोल?" हर्वीनं असं तोंड केलं जणू ती त्याचं नाक कापायला निघाली होती. "सरदाराच्या खंदकाला चार कोपरे. पाद्र्याच्या खंदकाला चार. त्या लोकरवाल्याच्याही खंदकाला चार! आणि मी काय साडेतीन कोपऱ्यांचा मालक म्हणून मिरवू?"

"थोडीशीच कचकच आहे, पण..."

"सकाळी काय खाल्लंस?" वॉरिननं विचारलं.

"भाकरी. कांदा."

"बघा! कांद्याची कचकच. मालक, कांद्यापायी कोपरा सोडता काय?"

सगळे हसले. लेव्हा गप्प बसली. पुढं बऱ्याच वर्षांनी ती एकदा म्हणाली होती, "बाबा असते तर बांधावर बसकण मारली असती, कोपरा वळेपर्यंत उठले नसते. मी एकदाच बोलले. खरंच कांदा खाल्ला होता ना मी." मोठ्या खोट्यापेक्षा छोट्या खऱ्यानं माणूस जास्त फसतो, असं मला तेव्हा वाटलं. बोलून दाखवलं नाही.

सेंट मायकेलचा सण मंगळवारी आला. हर्वीनं त्या दिवशी पाणी सोडायचं ठरवलं होतं, आणि येत्या रविवारी दुपारी सरदाराच्या कारभाऱ्याला जेवायला बोलावलं होतं. नव्या पुलावरून, पाण्यावरून. सबंध गाव काठावर उभं. लेव्हानं ओढ्याकडचा बांध फोडला आणि पाणी आत घुसलं! आधी तपकिरी जीभ, मग गुडघाभर, मग फेसाचा लोंढा. बदकं ओरडत धावली, कुत्री भुंकली, पोरं पाण्याबरोबर काठाकाठानं पळत सुटली, "कोपऱ्याला आलं! वळलं! दुसऱ्या कोपऱ्याला आलं!" चारही बाजू भरून पाणी पुन्हा पुलाखाली आपल्यालाच येऊन भेटलं, तेव्हा हर्वीनं टोपी उडवली. ती खंदकात पडली. साबिनानं सणाची भाजलेली बदकं कापली आणि बीअरचं पिंप फोडलं. लेव्हानं पुलाच्या खांबापाशी हेझलची एक काठी रोवली, पाण्याच्या रेषेवर चाकूनं खाच पाडली आणि ओढ्याकडचा बांध घातला. मग जेवायला बसली. त्या दिवशी ती हसताना मी पाहिली. दात पाहिले असं म्हणू या.

बुधवारी सकाळी पाणी खाचेच्या वीतभर खाली होतं.

दुपारी दीड वीत.

वॉरिन पुलावर कोपरं टेकून उभा. "नव्या मातीला तहान असते," तो मोठ्यानं म्हणाला. "की नाही गं, लेव्हा?"

हर्वीचा चेहरा बदकाच्या चरबीसारखा पांढरा पडला होता. "रविवारी कारभारी येणार. तोवर खाचेवर पाणी दिसलं नाही तर आपलं बोलणं झालंय, पोरी."

लेव्हा साबिनाकडून भुशाची टोपली घेऊन आली. पाण्यावर चारी बाजूंना तिनं मूठ मूठ भुसा टाकला आणि काठावर बसून राहिली. आम्हांला वाटलं पोरगी खचली. पण भुसा हलत होता. वारा नव्हता, तरी तो हळूहळू सरकत होता. दक्षिणेकडचा आणि पूर्वेकडचा, सगळाच भुसा एका दिशेनं निघाला. संध्याकाळच्या घंटेच्या सुमाराला सगळा वायव्येच्या कोपऱ्यात जमा होऊन बशीएवढ्या भोवऱ्यात फिरत होता.

"कांदा!" लेव्हा ओरडली आणि कपड्यांसकट पाण्यात उडी मारली.

गुरुवारी तिनं कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना काटक्यांची झापं ठोकली, त्यांना माती थापली आणि मधलं पाणी बादल्यांनी उपसलं. टोळीतले पाच जण मदतीला आले. वॉरिन आला नाही. "टोळी तुझी झाली की सांग," म्हणाला. शुक्रवारी सकाळी वाळू सापडली. हातभर जाड पिवळा पट्टा, थेट बाहेरच्या शेताखाली गेलेला. तो खरवडून काढून तिथं घराच्या ढिगातली चिकणमाती भरायची होती. पण नुसती माती ओतून भागत नाही. तिच्यात पाणी घालून कणकेसारखी मळावी लागते, ढेकूळ न् ढेकूळ मोडेपर्यंत. अशा कामाला बैल लागतात. बैल सरदाराच्या शेतात नांगरणीला गेले होते. पाच माणसांच्या पायांनी मळायला दहा दिवस लागले असते, आणि हातात एकच दिवस होता.

शुक्रवारी दुपारी मी चर्चमध्ये दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी मेणबत्त्या नीट करत होतो. गिरणीवाल्याच्या मुलीचं लग्न होतं. लेव्हा कमरेपर्यंत चिखलानं माखलेली दारात उभी राहिली. आत आली नाही, मी नुकतंच झाडलं होतं ते तिच्या लक्षात आलं असावं.

"ओस्बर्ट, उद्या वरात कुठून जाते?"

"दारातून उजवीकडे. नवरीच्या घरी."

"कुणाच्या मागून?"

"माझ्या. बादली घेऊन मी पुढं असतो. तुला माहीत आहे की."

"तू डावीकडे वळलास तर?"

"डावीकडे हर्वीचं घर आहे."

"तेही मला माहीत आहे."

मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा हातातली मेणबत्ती मोडली. "अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणायला लागतील तोवर हर्वीच्या फाटकात पोचलेले असतील. वरातीत रस्ता कुणी बघत नाही रे. पुढच्याची पाठ बघतात."

"मी... बघतो."

"बघू नकोस. वळ," ती म्हणाली आणि गेली.

त्या रात्री माझी झोप कशी झाली ते सांगण्यासारखं नाही. शनिवारी लग्न लागलं. पाद्रीबाबा आत वस्त्रं उतरवायला थांबले. मी बादली उचलली, दाराबाहेर आलो. माझ्या मागं मशकीच्या बाजावर फुंकर मारणारा बाजेवाला, मागं नवरानवरी, मागं सत्तर-ऐंशी माणसं. दहा वर्षांत मी कधी पाण्याचा थेंब सांडला नव्हता. त्या दिवशी बादली इतकी हिंदकळत होती की माझे जोडे भिजले. आणि मी डावीकडे वळलो.

बाजेवाला वळला. नवरानवरी वळली. कुणीही काही बोललं नाही! फाटकाशी पोचेपर्यंत मागून फक्त एकदा गिरणीवाल्याचा आवाज आला, "घर हलवलं काय रे आपलं?"

कोपऱ्यातल्या खड्ड्यात लेव्हा पिंढरीभर चिखलात उभी होती. मागं तिचे पाच जण, नुकती माती ओतून घामाघूम.

"या!" ती हात पसरून ओरडली. "नाचायला जागा करून ठेवलीय! अख्ख्या गावात एवढी मऊ जमीन मिळायची नाही!"

"शुद्धीवर आहेस का तू?" नवरीची आई पुढं झाली. "माझी पोर लग्नाच्या दिवशी चिखलात नाचणार?"

नवरी काठावरून वाकून बघत होती. "गार आहे का गं?"

"पहिली दहा पावलं. मग नाही."

नवरीनं जोडे काढून आईच्या हातात दिले. "धर," म्हणाली, घागरा गुडघ्यापर्यंत खोचला आणि धप्पकन खाली उडी मारली. नवऱ्याला काय करावं सुचेना, पण बायको खाली आणि आपण वर अशानं संसाराची सुरुवात करायची त्याची हिंमत नव्हती. तोही गेला. मग बाजा सुरू झाला आणि मग काय विचारता! पोरी उतरल्या, पोरं उतरली, लोहार त्याच्या तीन मुलींसकट उतरला. हातात हात धरून गोल, गोलात गोल. चिखल फचाफच उडत होता. लेव्हा मधोमध उभी राहून ओरडत होती, "टाचेनं! बोटांवर नाचू नका, टाचेनं हाणा! सासूला आठवा आणि हाणा!" तेव्हा तर सगळ्या बायका अशा काही तुटून पडल्या की ढेकळांचं पीठ झालं.

पाद्रीबाबा धापा टाकत आले. लग्नाच्या वेळी नाचू नका म्हणून ते दर खेपेला बजावत. ते खड्ड्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे.

"मी चर्चच्या आवारात नाचू नका म्हणतो," शेवटी ते म्हणाले. "हे काही आवार नाही." आणि साबिनाकडे बीअर मागायला गेले.

वॉरिन अजून काठावर हाताची घडी घालून उभा होता. नव्वदीच्या घरातली एक म्हातारी, जिला दोघींनी धरून खाली उतरवली होती, ती वर बघून म्हणाली, "काय रे वॉरिन, तुझे पाय कच्च्या मातीचे आहेत का? भिजले तर विरघळतील?"

"आजी, मला नाच येत नाही."

"तुडवता येतं ना? सहा महिने त्या पोरीला तुडवतोच आहेस!"

खड्डाभर हशा पिकला. वॉरिनचे कान लाल झाले. तो उतरला. दांडगा गडी, एका टाचेत तिघांचं काम. थोड्या वेळानं तोच ओरडायला लागला, "इकडच्या अंगाला या, इकडं ढेकळं राहिलीत!"

उन्हं कलली तेव्हा लेव्हानं हात वर केला. बाजा थांबला. सगळे जागच्या जागी उभे, चेहऱ्यावर चिखल, तोंडं उघडी. तिनं ओणवं होऊन कोपऱ्यातल्या पार तळातली चिमूटभर माती काढली, जिभेवर ठेवली, दातांत धरली. मी काठावर बादली छातीशी धरून उभा होतो. एवढी शांतता मी चर्चमध्येही कधी ऐकली नाही.

"लोणी!" ती किंचाळली. "लोणी आहे, लोणी!"

आणि सगळ्यांनीच माती तोंडात टाकली! नवरीनं, लोहारानं, त्या म्हातारीनं, जिच्या तोंडात एकही दात नव्हता. "लोणीच गं बाई," असं ती शपथेवर सांगत होती. अंधार पडायच्या आत लेव्हानं झापं काढली, ओढ्याकडून पाणी घेऊन खाचेपर्यंत खंदक भरला आणि बांध पुन्हा घातला.

रविवारी सकाळच्या घंटेआधी मी पुलापाशी गेलो. माझ्या आधी वॉरिन तिथं वाकून उभा होता. पाणी खाचेवर होतं. केसभरही खाली नाही. लेव्हानं रात्री पुन्हा टाकलेला भुसा जिथल्या तिथं, नुसता तरंगत.

दुपारी कारभारी आला, पुलावरून गेला, खाली बघितलंसुद्धा नाही. जेवताना एवढंच म्हणाला, "ईल मासे सोडा हो पाण्यात. उपासाला बरे." हर्वी नुसता फुलला. कारभारी गेल्यावर साबिनाला म्हणाला, "ऐकलंस? 'सोडा हो' म्हणाला. 'हो' म्हणाला!"

"बदकाचा रस्सा वाढत होते मी त्याला," साबिना म्हणाली. "त्या 'हो'त निम्मा वाटा माझा."

वॉरिन कोठारात गेला, फावडं घेऊन आला आणि लेव्हासमोर धरलं. "दांड्याला तेल लावलंय," म्हणाला. "पुढं कुठं खणायचं?"

लेव्हानं अंगठा त्या खळग्यात ठेवला. तो खळगा तिच्या अंगठ्याला मोठा होता.

त्यानंतर तिनं सोळा खंदक खणले, की सतरा, मला नक्की आठवत नाही. वॉरिन शेवटपर्यंत तिच्या टोळीत होता. एका गावच्या मालकानं कोपरा वळवायला नकार दिला, तेव्हा ती दोन दिवस बांधावर बसून राहिली. त्याच्या खंदकाला आजही तीनच कोपरे आहेत आणि पाणी काठोकाठ. तिचे पुढचे दात मातीनं झिजून सपाट झाले. सफरचंद तिला चाकूनं कापून खावं लागायचं. बाजारात मी ते पाहत असे, आणि मनात येई, आपलं सफरचंद कापून तिला द्यावं. दिलं नाही कधी. डावीकडे वळायला सांगणारं माणूस प्रत्येक वेळी भेटतंच असं नाही.

शेवटची भेट गेल्या शरदातली. हर्वीच्या खंदकाच्या काठावर ती काठी टेकून उभी होती, वायव्येच्या कोपऱ्याशी. मी बादली घेऊन आजारी माणसाच्या घरी निघालो होतो.

"कोण, ओस्बर्ट? किती भरलीयस रे बादली?"

"नेहमीएवढीच."

"उजवीकडे चिखल झालाय. डावीकडून जा."

"बरं."

"आणि सांडू नकोस."

"नाही सांडत," मी म्हणालो.